आमच्या नानासोचा भोंगा

माझा धाकटा दीर नानासो मिलिटरीत भरती झाला तेव्हा अख्ख्या गावानं पेढे खाल्ले. तो तिथं नेमकं काय करतो हे कळल्यावर मात्र गावाचं तोंड असं झालं, जणू पेढ्यात साखरच नव्हती.

नानासो बँडला होता. भरतीच्या साहेबानं त्याची छाती बघितली, दात बघितले आणि बंदुकीऐवजी हातात एक पितळी वाद्य दिलं. पोट सगळं नळ्यानळ्यांचं आणि तोंड आमच्या हंड्याएवढं. त्याचं नाव युफोनियम. एवढं लांब नाव घ्यायला आमच्या गावात कुणाला सवड आहे? पहिल्याच दिवशी त्याचा भोंगा झाला.

पहिल्या रजेवर आला तेव्हाची गोष्ट. भोंगा सरकारी, तो घरी आणता येत नव्हता. पण आमचे मामंजी, म्हणजे त्याचे वडील, हटून बसले.

"वाजवतोस काय ते कळू दे तरी. तोंडानं म्हण."

नानासो सावधानमध्ये उभा राहिला, गाल फुगवले आणि सुरू झाला. "भों... भों... भों-भों. भों... भों... भों-भों."

मामंजींनी तंबाखू मळली, चुना लावला, चिमूट दाढेला धरली. तरी भों-भोंच चाललेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आन गाणं कवा सुरू हुतंय?"

"संपलं की, आबा."

मामंजी उठून गोठ्यात गेले. म्हशीला म्हणाले, "तुझं बरं हाय बाई. तू निदान दूध तरी देतीस."

तर त्याचं काम असं होतं. गाण्याची चाल दुसरे वाजवायचे, आणि हा खाली भों-भों करायचा. सगळी नोकरी त्यानं भों-भों करण्यात घालवली. त्यात मेडल मिळालं, पेन्शन बसली, बायको मिळाली. बायको म्हणजे अंजना, माझी धाकटी जाऊ. हिला लग्नाआधी एवढंच सांगितलेलं की नवरा मिलिटरीत आहे.

तिला गावानं सुखानं जगू दिलं नाही. डेअरीवर दूध घालायला गेली की रंगूबाई विचारायची, "अंजने, तुझा मालक घरातबी नुसतं भोंच म्हणतो का गं?"

"घरात तेवढंबी म्हणत न्हाई," अंजना म्हणायची. वर हसायची, पण किटली जरा जोरातच आपटायची.

पेन्शनीत आल्यावर नानासोनं काही वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर काठी घेऊन उभं राहायचं काम केलं. मग तेही सुटलं. नुसता बसलेला फौजी म्हणजे घराला दुखणं. माझ्या घरी येऊन कडधान्याचे डबे उंचीप्रमाणं लावायचा. मी म्हटलं, "नानासो, माझं घर हाय हे, बराक न्हाई."

अशात एकदा तो सोपानकडं गेला. सोपानच्या घरचा लग्नाचा बँड होता. लग्नात डॉल्बी आला, भिंती हादरायला लागल्या, आणि बँड बसला. सोपाननं आपली क्लॅरिनेट तेवढी जपून ठेवली होती. आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेला एक जुना भोंगा होता. नानासो त्याच्यापुढं उभा राहिला तो राहिलाच.

सोपान म्हणाला, "घिऊन जा, मेजर. आमच्याकडं त्येच्यात पाल संसार करतीया."

पालीला दुसरं घर मिळालं आणि भोंगा आमच्या घरामागच्या परड्यात आला. आमच्या दोन घरांत एकच भिंत. भिंतीच्या अलीकडं मी. पलीकडं परड्यात सकाळी सकाळी नानासोचा सराव आणि चुलीपुढं अंजना. भों झालं की थप. भों झालं की थप. भाकरी कधी थापायची हे भोंगा सांगतो, का भोंगा कधी वाजवायचा हे भाकरी सांगते, हे मला कधी उलगडलं नाही. अंजनाला विचारलं तर म्हणायची, "मी ऐकतच न्हाई त्येचं, आक्का. माझं कान कवाच बंद झाल्यात."

हळूहळू त्यांची चौकडी जमली. नानासो, सोपान, सोपानची लेक प्रियदर्शनी आणि डेअरीवाला गुंडा. प्रियदर्शनी इस्लामपूरला शाळेत शिकवते, व्हायोलिन वाजवते. गुंडा भजनात पेटी वाजवायचा. तिथं त्याला कुणी गप बस म्हणत नव्हतं, इथं प्रियदर्शनी म्हणते. महिन्यातनं एका रविवारी कुणाच्या तरी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, हे चौघं बसून वाजवणार. माईक नाही, स्टेज नाही, हार-नारळ नाही. घरवाल्यानं चहा द्यायचा आणि ऐकणाऱ्यांनी चपला दारात काढायच्या, एवढाच नियम. प्रियदर्शनी म्हणाली, ह्याला बाहेरच्या देशात चेंबर म्युझिक म्हणतात. गुंडा म्हणाला, "ताई, गावात हे नाव नगो. आपल्यात चेंबर गटाराला असतंय."

सुरुवातीला चार पोरं आणि एक कुत्रं ऐकायला यायचं. पण माणसं डॉल्बीनं कावली होती. इथं बसलं की शेजारच्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा, आणि मधे कुणी खोकलं तर ते वाजवण्यातलंच वाटायचं. माणसं वाढली. पाटलांचा सोपा झाला, सोपानच्या आईचा, म्हणजे भामाबाईचा झाला, माझा झाला. माझ्याकडनं तर प्रियदर्शनीनं माझ्या आईची जात्यावरची चाल म्हणून घेतली आणि एका चालीचे चार वाटे केले. कुणाला वरची कड, कुणाला मधला भाग. नानासोच्या वाट्याला काय आलं ते सांगायला नको.

लोक ऐकायचे आणि जाता जाता म्हणायचे, "वाजिवलं झ्याक. त्यो भोंगा तेवढा काय जमंना बगा, सारखा मागंच पडतोय."

मी आयुष्यभर पोरांना गोष्टी सांगितल्यात. गोष्ट सांगताना समोरच्यानं 'हूं' म्हणायचं असतं. हूं थांबला की सांगणाऱ्याचं पाऊल अडखळतं, राजा घोड्यावर बसायचा विसरतो. मला वाटायचं, नानासोचं तसंच असणार. पण माझं ऐकतो कोण?

सगळे सोपे झाले. राहिला एकच, नानासोचा स्वतःचा. अंजनानं एकदाही त्यांना बसू दिलं नाही आणि स्वतः कुणाच्या सोप्यात जाऊन ऐकलं नाही. "गाव हसतंय ते बास हाय. घरी बोलवून हसवून घेऊ व्हय?"

अशात यशराजचं लग्न ठरलं. यशराज म्हणजे नानासोचा मुलगा, शिरवळला कंपनीत आहे. तिथलीच मुलगी, अंकिता. तिचे आईवडील रविवारी घर बघायला येणार होते. आदल्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. "व्याही मिलिटरीच्या बँडला हुते म्हनं? तुमच्यात चौघंजणं मिळून वाजवत्यात म्हनं? मग आम्हालाबी ऐकवा की."

फोन ठेवला आणि अंजनानं कपाळाला हात लावला. मी भिंतीच्या अलीकडंच होते, आणि ती भिंत काही फार जाड नाही.

"आता काय करायचं? विहीणबाईंपुढं भों-भों करनार तुमी?"

"मग काय करू?"

"गाणं वाजवा. अख्खं. चाल तुमी वाजवायची, बाकीच्यांनी मागनं यायचं. त्यातनं पावन्यांपुढं हसं झालं, तर सोमवारी ह्यो भोंगा मोडीत. पितळंच्या दोन घागरी हुत्याल, सुनंला तेवढंच."

नानासो मिलिटरीत कुणाला घाबरला असेल-नसेल. "बरं," म्हणाला.

मग तो लपून चालीचा सराव करायला उसात जायला लागला. दुसऱ्या दिवशी गुंडा धापा टाकत माझ्या दारात. "आक्का, पोरास्नी भाईर सोडू नगा! उसात बिबट्या हाय. जखमी असंल. लय कण्हतंय." मी म्हटलं, "बाबा, त्या बिबट्याला पेन्शन हाय. तू घरी जा."

रविवारी दुपारी सोपा भरला. शिरवळची मंडळी सतरंजीवर पुढं, गाव मागं, दारात चपलांचा ढीग. विहीणबाई अंगानं भरलेल्या, डोळ्यानं चौकस. आल्या आल्या फडताळावरच्या भांड्यांवर नजर फिरवून मोकळ्या झाल्या. अंजना स्वयंपाकघरात चहाला. तिनं आधीच सांगितलेलं, मी भाईर येनार न्हाई.

वाजवायच्या आधी नानासोनं बाकीच्यांना हळूच सांगितलं, आज चाल मी वाजवणार.

सोपाननं क्लॅरिनेट खाली घेतली. "आन मेजर, खालचं कोन वाजवनार?"

"एक दिवस खालचं नसलं म्हणून काय हुतंय?"

प्रियदर्शनी म्हणाली, "काका, ऐका माझं."

"पोरी, माझा भोंगा मोडीत निघालाय. तू वाजव."

सुरू झालं. माझ्या आईची चाल. पहिलं कडवं नानासोनं काढलं, आणि खोटं कशाला सांगू, बरं काढलं. विहीणबाईंनी मान डोलावली. रंगूबाईचं तोंड उघडं पडलं. नानासोची छाती भरतीच्या दिवशीएवढी झाली.

दुसऱ्या कडव्याला गंमत सुरू झाली. गुंडाच्या पेटीला धरून ठेवणारं कुणी नव्हतं, ती सुटली. पेटी पुढं गेली म्हणून व्हायोलिन तिला गाठायला पळालं. सोपान मधे दोघांना हाका मारल्यासारखा वाजवतोय. आणि नानासो मागं, गाल लाल, डोळे बाहेर, श्वास पुरंना. उताराला लागलेली उसाची ट्रॉली बघितलीय का, ट्रॅक्टरलाच ढकलायला लागते ती? तसं. माझ्या आईनं ह्या चालीत पायलीभर दळण दळलं असतं. त्या दिवशी दळलं असतं तर जातं दारातनं बाहेर गेलं असतं.

विहीणबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. व्याह्यांनी छताकडं बघितलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. नानासोनं डोळे मिटून घेतले. मला त्या दोन घागरी दिसायला लागल्या.

आणि स्वयंपाकघराच्या दारातनं आवाज आला.

"भों... भों... भों-भों."

अंजना. डोक्यावर पदर, हातात कपांचा ट्रे, कपाळावर ही आठी. आणि तोंडानं भों-भों. "भों... भों... भों-भों." पाय फरशीवर आपटतेय, आणि प्रत्येक भोंला ट्रेमधले कप कणकण वाजतायत. नजर नवऱ्यावर, जसं पोरगं विहिरीच्या कडंला गेल्यावर आई बघते तशी.

पहिला गुंडा थांबला, म्हणजे हात वाजवत होते पण पळायचा थांबला. मग व्हायोलिन परत आलं. सोपाननं मान हलवली. नानासोनं डोळे उघडले, एक श्वास घेतला आणि चाल जिथं सांडली होती तिथनं उचलली. जातं जागेवर आलं, बायांनो. मला माझ्या आईचा हात खुंट्याला दिसला.

अंजनानं एक भों चुकवलं नाही. तिसऱ्या कडव्यात एका ठिकाणी भोंगा थांबतो आणि मग एकदम दोन येतात. तिथं ती थांबली आणि दोन घेतले. शेवटी सगळे गप झाल्यावर एकटा भोंगा तीन लांब भों करून दार लावतो. तेही तिनं लावलं. "भों. भों. भोंsss."

कुणी हललं नाही. कपातला चहा मात्र बशीत आलेला.

विहीणबाईंनी आदरानं विचारलं, "विहीणबाई, तुमीबी मिलिटरीत हुता व्हय?"

सोपा असा हसला की दारातली पोरं आत पळत आली. अंजनाच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. ट्रे खाली ठेवून पदर तोंडात धरला. मग पदर काढला आणि नवऱ्यावर घसरली.

"आवं, रोज सकाळी ह्येच ऐकत भाकऱ्या थापल्या मी. दुसऱ्याचं गाणं घिऊन कशाला बसलाय? तुमचं तुमी वाजवा की! मी च्या बघू का तुमचं भों-भों बघू?"

"आगं, तूच म्हनालीस..."

"मी कायबी म्हनीन. तुमाला कळत न्हाई व्हय, खाली कोन न्हाई ते?"

मी मागनं म्हटलं, "अंजे, तुझं कान बंद झालेलं ना गं?"

"आक्का, तुमी गप बसा."

विहीणबाईंनी चहा हातात घेतला आणि हुकूम सोडला, "परत एकदा हू द्या. ह्या खेपेला ज्येचं त्येनं."

परत झालं. सोपाननं चाल घेतली, पोरीनं मधला भाग घेतला, गुंडाला कुणीतरी धरून ठेवलं होतं आणि ते कोण हे आता सगळ्या सोप्याला माहीत होतं. माणसं क्लॅरिनेटकडं बघायची सोडून भोंग्याकडं बघत होती. त्या तीन लांब भोंना तर रंगूबाईनंही मान हलवली, पण मी बघतेय म्हटल्यावर मानेवरची माशी हाकलल्यासारखं केलं.

अंजना उंबऱ्यावर बसली होती. पहिल्यांदाच. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पाहुणे गेले, चपलांची अदलाबदल मिटली, सतरंजी झटकली. नानासो भोंग्यातलं पाणी काढत बसला होता, तिच्याकडं न बघता. फौजी माणूस, हल्ला समोरनं करत नाही.

"सोमवार उद्या हाय," तो म्हणाला. "भोंगा मोडीत घालायचा हुता न्हवं?"

अंजना कप गोळा करत होती.

"आन आज झालं कसं?"

तिनं एकात एक कप घातले, ट्रे उचलला आणि स्वयंपाकघराकडं निघाली. दारात जरा थांबली.

"हूं," म्हणाली.