चार मिनिटांचं वेल्स

विनय खारकर यांनी लिकटेनस्टाइन हा देश बसच्या ड्रायव्हरच्या चहाच्या सुट्टीत पाहिला. लक्झेंबर्गला दीड तास लागला, पण तो बसमधल्या एकाला स्वच्छतागृह सापडत नव्हतं म्हणून. ईलिंगमधल्या त्यांच्या घराच्या पॅसेजमध्ये युरोपचा नकाशा टांगलेला होता आणि पाहून झालेला देश ते हिरव्या पेन्सिलीने रंगवून टाकत. १९९२ सालापर्यंत सोळा देश हिरवे झाले होते. त्यांतल्या कुठल्याही देशातल्या माणसाशी खारकर पाच मिनिटं बोलले होते का, हे त्यांच्या पत्नी सुप्रभा यांनाही सांगता आलं नसतं.

खारकर मूळचे ठाण्याचे. १९७८ साली ते इंग्लंडला आले, ब्रॅकनेलच्या एका कंप्युटर कंपनीत लागले आणि चौदा वर्षं एकाच खुर्चीवर बसले. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं मॅनेजर झाली. दरम्यान पश्चिम लंडनमधल्या एका मराठी मंडळाने त्यांना सहलप्रमुख केलं, आणि ऑफिसात जो मान कोणी दिला नाही तो खारकरांनी बावन्न सीटांच्या बसमध्ये वसूल केला. गळ्यात शिट्टी आणि हातात मिनिटवार छापलेलं वेळापत्रक. पद्धत ठरलेली होती. गावाच्या वेशीवर नावाची पाटी असते, तिच्यापाशी बस थांबवायची, सगळ्यांना उतरवायचं, तीन रांगा करायच्या, फोटो काढायचा. याला चार मिनिटं. एवढं केलं की गाव झालं. गावात शिरायचं ते वेळ उरला तर. दुपारचं जेवण मात्र गरमच हवं, म्हणून बसच्या डिकीत गॅसची शेगडी, सिलिंडर आणि दोन मोठी पातेली.

"लोक घरचं जेवण मिळतं म्हणून येतात," सुप्रभा एकदा म्हणाल्या. "देशबिश काय, खिडकीतून दिसतो तेवढा."

"खिडकीतून दिसतो तेवढाच असतो," खारकर म्हणाले. हे त्यांनी विनोदाने म्हटलं नव्हतं.

१९८७ साली त्यांनी कार्डिफला बस नेली, संध्याकाळी परत आणली आणि वेल्स हिरवं केलं. इंग्लंडपासून ते वेगळं रंगवता यावं म्हणून नकाशावर स्वतःच्या हाताने सरहद्द ठळक केली. पाच वर्षं कोणी हरकत घेतली नाही. मग संक्रांतीच्या कार्यक्रमात साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर राजीव सबनीस तिळगूळ घेता घेता म्हणाले, "खारकर, कार्डिफ म्हणजे वेल्स का हो? व्ही.टी.ला उतरून वडा खाल्ला आणि परत गेलो, तर महाराष्ट्र पाहिला म्हणायचं?"

हॉलमध्ये हशा झाला. खारकर हसले नाहीत. आठवड्याच्या आत पत्रक घरोघरी गेलं. 'कार्डिफच्या पलीकडचं वेल्स. ऑगस्ट बँक हॉलिडे. तीन दिवस, अकरा गावं.'

जुलैत तेच पत्रक पुन्हा काढून बथशेबा नागावकर यांनी फोन केला. बथशेबाबाई मूळच्या भायखळ्याच्या, बेने इस्रायली म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरात मराठी बोलणाऱ्या, अडुसष्ट वर्षांच्या. अकरांपैकी नववं गाव ब्लायनाय फेस्टिनिऑग, स्लेटच्या खाणींचं. तिथल्या वृद्धाश्रमात त्यांचा धाकटा भाऊ एलिजा होता. साठ साली तो खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागला आणि दोन वर्षांनी गावातल्याच ख्रिश्चन मुलीशी लग्न करून मोकळा झाला. त्यावर बथशेबाबाईंच्या नवऱ्याने घरात मेहुण्याचं नाव काढायला बंदी केली. बंदी एकोणतीस वर्षं टिकली, नवरा वारला तेव्हाच उठली. मग भावंडांची पत्रं सुरू झाली. एलिजाची बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. मधुमेहाने त्याचा एक पाय कापला होता आणि दुसरा कापण्यात अर्थ नाही असं डॉक्टरांचं मत होतं. शेवटच्या पत्रात त्याने लिहिलं, 'येत्या ख्रिसमसबद्दल इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. यायचं तर आत्ता ये.'

बथशेबाबाई आयुष्यात एकट्या कुठे गेल्या नव्हत्या. लंडनहून ट्रेनने जायचं तर तीनदा गाडी बदलावी लागत होती.

"विनयराव, मला त्या गावात एक तास द्याल का?"

"तास नाही जमणार, बाई. पंचेचाळीस मिनिटं देतो. तुमच्यासाठी म्हणून."

"आणि निघायचं शनिवारी?"

"सकाळी सहाला. का?"

"शनिवारी आम्ही गाडीत बसत नाही." त्यांनी समोरचं एलिजाचं पत्र घडी घालून पाकिटात सरकवलं. "बसते. नाव लिहा."

शनिवारी पाच पाट्या झाल्या. रविवारी बस डोंगरात शिरली. कुठलीही दरी आली की बसमधून तिला महाराष्ट्रातलं नाव दिलं जाई.

"अगदी पाचगणी."

"छे, पाचगणीला एवढं हिरवं कुठलं? आंबोली म्हणा."

नाव ठरलं की मंडळी पत्त्यांकडे वळत. आठव्या गावाला, बेतुस-अ-कोइडला, खारकरांनी कार पार्कमध्ये शेगडी मांडली. तिथला माणूस आला आणि इथे सिलिंडर चालणार नाही म्हणाला. खारकरांनी त्याच्याशी वीस मिनिटं हुज्जत घातली आणि कौन्सिलला पत्र लिहिण्याची धमकी दिली. त्या माणसाने पत्ता लिहून दिला. ड्रायव्हर कीथने शेवटी बस गावाबाहेर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत नेली. तिथे वारा होता. शेगडी विझत होती, भात शिजत नव्हता.

"अहो, गावातून चीझचे सँडविच आणू या ना," सुप्रभा म्हणाल्या.

"वेळापत्रकात मसालेभात छापलाय."

"पपा, ही डोंगर सगळी सेम आहे," सबनीसांची पंधरा वर्षांची शिल्पा म्हणाली. "कॅन वी जस्ट गो होम?"

बथशेबाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसमध्येच बसल्या होत्या. पिशवीत गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा डबा होता. हा हलवा त्यांच्याकडे नव्या वर्षाच्या सणाला करतात. सण अजून महिनाभर लांब होता. त्यांनी आधीच केला होता.

जेवण उरकायला पाच वाजत आले. बस सुरू झाल्यावर खारकरांनी माइक घेतला. हार्लेकचा किल्ला उजेडात गाठायचा आहे, तेव्हा खाणींच्या गावी फक्त पाटीपाशी फोटो होईल, बाकीचं गाव बसमधूनच बघू या, असं त्यांनी जाहीर केलं.

बथशेबाबाई सीटांना धरत पुढे आल्या.

"विनयराव, तुम्ही पंचेचाळीस मिनिटं म्हणाला होता."

"भाताने घोळ घातला, बाई. मला बावन्न माणसांचं बघावं लागतं."

"वीस द्या."

"तुम्हाला दिली की सगळे मागतील. हार्लेकला फोन बूथ आहे, तिथून बोला भावाशी. नाणी मी देतो."

"त्याला फोनवर ऐकू येत नाही."

"मग पत्र लिहा."

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशी, खाली बसा, वळण आहे." आणखी कोणी म्हणालं, "पुढच्या वर्षी परत काढू की ट्रिप." यापेक्षा जास्त त्या बसमध्ये कोणी बोललं नाही. एलिजाची हकीकत सगळ्यांना ठाऊक होती, शनिवारी रात्रीच्या जेवणात तीच चघळली गेली होती. कार्डिफ म्हणजे वेल्स का, असा प्रश्न ज्यांना पडला होता ते डॉक्टर सबनीस तोंडावर टोपी घेऊन झोपले होते.

खिंड उतरल्यावर स्लेटच्या चुऱ्याचे डोंगर दिसू लागले, काळे, घरांच्या छपरांपर्यंत आलेले. पाऊस भुरभुरत होता. पाटी आली. शिट्टी वाजली, मंडळी छत्र्या घेऊन उतरली, रांगा झाल्या. वयाचा मान म्हणून बथशेबाबाईंना पहिल्या रांगेत जागा मिळाली. फोटो निघाला. लोक बसकडे वळले आणि त्या पिशवी उचलून पाटीच्या पलीकडे, गावाच्या दिशेने चालू लागल्या. सुप्रभा ते पाहून बसमध्ये चढल्या.

खारकरांनी डोकी मोजली. एक्कावन्न. त्यांनी दारात उभं राहून शिट्टी वाजवली. बथशेबाबाईंनी मागे पाहिलं नाही. रस्ता एकच होता, त्यामुळे दोन मिनिटांत बस त्यांच्या बरोबरीला आली. कीथने न विचारता वेग कमी केला आणि दार उघडलं.

"बाई, आत या. नाहीतर पुढची जबाबदारी आमची नाही."

"तुमची कधी होती?" बथशेबाबाई चालता चालता म्हणाल्या.

खारकरांनी कीथला पुढे जायची खूण केली. हार्लेकला पोचेपर्यंत किल्ला बंद झाला होता. त्यांनी पाटीचा फोटो काढला.

बथशेबाबाई पाऊण मैल चालल्या. भाषेची अडचण आली नाही. कागदावरचा पत्ता त्यांनी एका बाईला दाखवला आणि ती त्यांना दारापर्यंत सोडून गेली. एलिजा खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होता. त्याला बहीण ओळखायला थोडा वेळ लागला.

"कोणी आणून सोडलं?" त्याने विचारलं.

"चालत आले," त्या त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाल्या.

"मुंबईहून?"

"पाटीपासून."

वृद्धाश्रमाने त्यांना पाहुण्यांची खोली दिली. त्या अकरा दिवस राहिल्या. परत येताना तीनदा गाडी बदलली, त्यात काही कठीण नव्हतं असं त्यांच्या लक्षात आलं. एलिजा ऑक्टोबरच्या वीस तारखेला वारला.

डिसेंबरात मंडळाची वार्षिक बैठक झाली. खारकरांनी सहलीचा अहवाल वाचला. अकरापैकी अकरा गावं पूर्ण. त्यात एक वाक्य होतं, 'ब्लायनाय येथे मंडळाने एका ज्येष्ठ सभासद भगिनीची व तिच्या भावाची अखेरची भेट घडवून आणली.' टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी बथशेबाबाईंना दोन शब्द बोलायची विनंती केली.

त्या जागेवरच उभ्या राहिल्या. "भेट झाली," त्या म्हणाल्या. "यांनी बस थांबवली ती फोटोसाठी."

"पण थांबवली ना?" खारकर व्यासपीठावरून म्हणाले.

लोक हसले. हजरजबाबीपणाला दाद म्हणून टाळ्या पुन्हा वाजल्या, पहिल्यापेक्षा जास्त. सहलप्रमुख म्हणून खारकरांची एकमताने फेरनिवड झाली. पुढची सहल आयर्लंडची ठरली, गावं पंधरा. बैठक संपायच्या आत अठ्ठेचाळीस सीट भरल्या होत्या आणि डॉक्टर सबनीस खिडकीजवळच्या दोन मागत होते.