डीप फ्रीजरला बसवलेला नळ

आमचं घर माझ्या नवऱ्याच्या नाकावर चालायचं. संभाजीनगरच्या एका बियर कारखान्यात ते चव आणि वास तपासायच्या खोलीत कामाला होते. टाकीतली बियर पेल्यात घ्यायची, हुंगायची, घोटभर तोंडात फिरवायची आणि माल बाहेर जाऊ द्यायचा की नाही ते सांगायचं, एवढंच काम. पण ते त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. इकडे कामरगावात, माझ्या सासरी, या नोकरीची थट्टा व्हायची. "तुह्या नवऱ्याले प्यायचा पगार भेटते," असं शेजारणी म्हणायच्या. घरी मात्र त्यांनी कधी पेला हातात धरला नाही. उलट दारातून आत येताच म्हणायचे, "हळद जुनी हाय वाटते आजच्या वरनात." मी चिडायची. हळद खरोखर जुनी असायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्हा दोघांना सोबतच ताप आला. वासही दोघांचा सोबतच गेला. माझा आठवड्याभरात परतला. एका सकाळी चहात आलं टाकलं आणि एकदम कळलं, येतोय. मी आनंदानं ओरडले, आणि पाहिलं तर ते चहाचा कप नाकाशी धरून माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून मी घरात कुठल्याही वासाबद्दल बोलायचं बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, रोज लिंबू, लवंग, निलगिरी हुंगत जा, हळूहळू येईल. यांनी ते मन लावून केलं, पण वास आला नाही. कारखान्यानं काही दिवस वाट पाहिली, मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. तिथं खोकी मोजायची. एक दिवस ते लवकर घरी आले आणि म्हणाले, "चाल, गावी जाऊ." मी कारण विचारलं नाही.

सासऱ्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची. मी मळ्यात जाऊ लागले. हे घरीच बसत. एकदा दुपारी मी मळ्यातून आले, तर अंगणातच गॅसचा वास आला. धावत आत गेले. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं आणि हे तिच्या बाजूला पाटावर बसून शेंगा फोडत होते. शांतपणे. मी बटण बंद केलं आणि दारं-खिडक्या उघडल्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गॅस सुटला होता."

त्यांनी हातातली शेंग परातीत ठेवली. मग म्हणाले, "मले कायी म्हंजे कायीच नाई आलं." त्यानंतर मी मळ्यात जाताना सिलिंडर खालून बंद करून जाऊ लागले. ते बघत राहायचे.

पुढच्या उन्हाळ्यात बसस्टँडजवळचं आइस्क्रीमचं दुकान बंद पडलं आणि तिथला आडवा डीप फ्रीजर यांनी घरी आणला, सासऱ्यांच्या भाजीच्या गाडीत घालून. पडवीत ठेवला. मला वाटलं, मटार साठवायला असेल. ते म्हणाले, "याले नळ बसवतो. बियरचा."

मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. कारखान्यातल्या त्यांच्या खोलीत असाच एक थंड पेटारा होता. आत बियरचं स्टीलचं पिंप, बियर ढकलायला सोड्यातल्या गॅसची नळी, आणि पुढं नळ. वीस वर्षं त्यांच्या नाकानं रोज सकाळी पहिला वास तोच घेतला होता. बाटलीतली बियर त्यांनी हुंगून पाहिली होती, काही आलं नव्हतं. "पन बाटलीतली येगळी," ते म्हणाले. "नळाची ताजी असते. नाकाले जो वास सगळ्यात जास्त पाठ हाय, तो देऊन पाह्यतो. तेवढंच रायलं आता."

जमणार नाही म्हणायचं धाडस नव्हतं, आणि जमेल असं म्हणणं त्याहून अवघड.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या पदर खोचून पडवीत आल्या. "घरात दारूचा नळ? देवघर हाय तिकडे भिंतीपल्याड!"

"घरी ठेवायचा परवाना हाय माह्यापाशी, माय."

"परवान्याचं नाई बोलून राह्यली मी."

"मले वास पाह्यजे, माय," ते म्हणाले. "प्यायची नाई मले."

सासूबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "वास येईन का वं पन त्यानं?" मी मान खाली घातली. त्या आत गेल्या आणि पुन्हा त्यावर बोलल्या नाहीत.

काम सुरू झालं आणि घर बदललं. घरीच बसून असलेला माणूस पहाटे उठून अंघोळ करून पडवीत हजर. डीप फ्रीजरच्या भिंतीत गारवा करणाऱ्या गॅसच्या बारीक नळ्या असतात, तिथं भोक पाडलं की सगळं वाया. म्हणून त्यांनी झाकण काढलं, सागवानी फळ्यांची चौकट करून पेटाऱ्याच्या तोंडावर बसवली आणि वर पुन्हा झाकण लावलं. नळ त्या चौकटीतून बाहेर काढला. चौकट बसवताना एक बाजू मी धरली होती. "अशीच धर, हालू नको," म्हणत ते फटीत सिलिकॉन भरत होते आणि किती तरी दिवसांनी शीळ घालत होते. फ्रीजर बर्फ करतो आणि बियरला बर्फ चालत नाही, म्हणून वाशीमहून थंडावा बेताचा ठेवणारं एक यंत्र आणलं. सोडा भरणाऱ्या एका माणसाकडून गॅसचा सिलिंडर आणला. जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते पाहिलं. फुगे आले नाहीत तेव्हा मला हाक मारून दाखवलं.

ते जेवू लागले, सासऱ्यांशी पावसाबद्दल बोलू लागले. मी मात्र रोज घाबरत होते. जितकं काम पुढं सरकत होतं, तितका नळ उघडायचा दिवस जवळ येत होता.

कारखान्यातला त्यांचा जुना सोबती पिंप घेऊन गाडीनं आला. दोघांनी ते पेटाऱ्यात उतरवलं, नळी जोडली, नळ उघडला. नुसता फेस. पेला फेसानं भरला, बादली भरली. "रस्त्यानं हलली हाय," सोबती म्हणाला. "एक दिवस बसू द्या तिले." तेवढ्यात लाईट गेली. ऊन मी म्हणत होतं. आम्ही पोती भिजवून पेटाऱ्यावर टाकली, गोधड्या टाकल्या. हे दर थोड्या वेळानं त्यावर हात ठेवून बघत. सासरे खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "लाईटीवर कोनाचं चालते बाबू."

लाईट संध्याकाळी आली. सोबती मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा नळ उघडला. सोनेरी धार, वर दोन बोटं पांढरा फेस. सोबत्यानं टाळी वाजवली. यांनी पेला डोळ्यांसमोर धरला, मग नाकाशी नेला. डोळे मिटले. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. मग एक घोट तोंडात फिरवला.

"थंड हाय," ते म्हणाले. "कडू हाय."

सोबती जमिनीकडे बघू लागला. यांनी पेला माझ्यापुढे धरला. "तू पाह्य. कसा येऊन राह्यला वास?"

मी आयुष्यात बियर हुंगली नव्हती. पेला घेतला. "भाकरीच्या पिठासारखा," मी म्हणाले.

"कच्च्या की भाजलेल्या?"

"जरा भाजलेल्या."

"अजून?"

"ओलं गवत कापल्यावर येते तसा. अन् मागून काहीतरी... संत्र्याच्या सालीसारखं."

ते डोळे मिटून ऐकत होते. ओठ हलत होते, जणू माझा एकेक शब्द ते नाकापर्यंत न्यायला बघत होते. "अजून सांग," ते म्हणाले. पण माझ्याकडे शब्दच नव्हते. मी पुन्हा हुंगलं, पुन्हा पीठ, पुन्हा गवत. मला इतकं सगळं येत होतं आणि त्यातलं थेंबभरही त्यांना देता येत नव्हतं. शेवटी माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "राहू दे."

सोबती दुपारी निघून गेला. जाताना गाडीजवळ मला म्हणाला, "आमच्या खोलीत यांच्यासारखा कोनी नव्हता, वैनी."

पिंप मात्र तसंच राहिलं. हे रोज सकाळी पेलाभर काढून हुंगायचे आणि मोरीत ओतायचे. मला पुन्हा कधी विचारलं नाही. उन्हाळ्यात लाईट तासन्‌तास जायची, पेटारा तापायचा, पुन्हा गार व्हायचा. एका सकाळी मी मोरीजवळ भांडी घासत होते तर ओतलेल्या बियरचा आंबूस वास आला, सिरक्यासारखा. पिंप नासलं होतं. त्यांना ते कळायला मार्ग नव्हता. ते रोजच्यासारखा रिकामा पेला विसळून ठेवत होते.

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेला नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघत थांबले. माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे.

"खराब झाली काय?"

"हो."

"कवाची?"

त्यांनी नळाखाली बादली ठेवली आणि नळ पूर्ण उघडला. बादल्या भरभरून अंगणाच्या नालीत ओतल्या. घरभर तो आंबट वास पसरला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला, सासरे उठून बाहेर गेले. हे एकटे त्या सगळ्याच्या मधोमध उभे होते, हातात बादली घेऊन, आणि आमचे चेहरे बघून त्यांना अंदाज येत होता.

मग त्यांनी पिंप धुतलं, नळ्या गरम पाण्यानं साफ केल्या, सिलिंडर परत दिला. नीटनेटकं, एकेक काम. पेटाऱ्यात आता सासूबाई कोथिंबिरीच्या जुड्या ठेवतात, चांगल्या टिकतात. हे सासऱ्यांसोबत भाजी घेऊन वाशीमच्या बाजारात जाऊ लागलेत. परवा मंगरूळपीरच्या एका नाकाच्या डॉक्टरांचं नाव कुणीतरी सुचवलं. मी संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते मिरच्यांचं पोतं शिवत होते.

"जाऊन पाह्यचं काय?" मी विचारलं.

"पाहू," ते म्हणाले, आणि सुईत दोरा ओवत राहिले.