सिगिरियावरचा रावण

दिवाळीला किल्ला करायचा म्हणजे करायचा. इथे अमेरिकेत, एडिसनच्या थंडीत बोटं वाकडी होतात म्हणून काय झालं? दरवर्षी लॉन खणून मी आणि माझी लेक राजगड करायचो. त्या वर्षी मात्र राजगड कॅन्सल केला, कारण शेजारीण रडत आली.

ती श्रीलंकेची. ऐंशीच्या दशकात तिकडे दंगे पेटले, तेव्हा तिच्या नवऱ्यानं आपल्या वडिलांना इथे आणलं. अनुराधापूरचे निवृत्त मास्तर. इथे आले आणि हळूहळू बोलायचे थांबले, मग जेवणही सुटत चाललं. दिवसभर खिडकीशी बसायचे. "हा हिवाळा मी काढत नाही," एवढंच म्हणायचे.

"काढत नाहीत म्हणजे काय? मी बघते," मी म्हणाले. माझा स्वभावच तसा.

तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सिगिरियाचं चित्र होतं. जंगलातून उभा वर आलेला कातळ, माथ्यावर जुन्या राजधानीचे अवशेष, निम्म्या वाटेवर दगडी सिंहाचे भलेमोठे पंजे आणि त्यांच्यामधून जिना. अगं, हा तर किल्लाच की! आम्ही तो आजोबांच्या खिडकीखालीच करायला घेतला. खोकी रचली, जुनी चादर चिखलात बुडवून वर टाकली. लेकीचे सिंहाचे पंजे मांजराचे झाले. माथ्यावर पाण्याचं टाकं केलं, किल्ला म्हटला की टाकं हवंच. आजोबा काचेतून बघत होते, पण जागचे हलेनात. माझाही धीर सुटायला लागला.

तेवढ्यात आमचे हे ऑफिसातून आले. गॅरेजमधून दसऱ्याच्या नाटकातला पुठ्ठ्याचा रावण आणला आणि दिला माथ्यावर रोवून. "लंका आणि रावण नाही? काय यार!"

धाडकन दार उघडलं. आजोबा नुसत्या मोज्यांवर बाहेर!

"हे कुणी ठेवलं?" इंग्रजीत असे कडाडले की हे दोन पावलं मागे सरले. "खऱ्या राजाचं नगर आहे ते! माणसांनी बांधलंय, दीड हजार वर्षांपूर्वी!"

रावण उपटून त्यांनी माझ्या हातात दिला आणि तिथेच चिखलात बसकण मारली. पायथ्याची बाग सरळ रेषेत हवी, तळी जोडीजोडीनं हवीत. टाकं मात्र बरोबर आहे म्हणाले. तळ्यांसाठी माझ्याकडून फॉइल मागून घेतलं. मला इतका आनंद झाला की ह्यांना रागवायचंही राहून गेलं.

संध्याकाळी मंडळी फराळाला जमली. "अहो, महाराज कुठायत?" एका काकांनी विचारलं. लेक मातीचे महाराज घेऊन आली आणि आजोबांना इंग्रजीत त्यांची गोष्ट सांगू लागली. मी तिला डोळ्यांनी दटावत होते. आजोबांनी ऐकून घेतलं आणि महाराजांना उचलून अलगद माथ्यावर बसवलं.

"तिथला राजवाडा कधीचा रिकामाच आहे," ते म्हणाले. "राहू देत."

मग त्यांनी चकली घेतली. ती संपवून दुसरी घेतली.

"पुढच्या वर्षी अनुराधापूर करू. मोठे स्तूप, मोठे तलाव. पण एवढ्या जागेत मावायचं नाही."

शेजारणीनं माझा हात घट्ट धरला. पुढच्या वर्षी, म्हणाले होते ते.

"आमचं अख्खं लॉन खणा," मी म्हणाले.