पासिंगमध्ये नसलेला दिवा

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. पाण्याच्या बसचा गुन्हा मात्र पंचनाम्यासह लक्षात आहे. त्या पंचनाम्यावर माझी सही होती आणि तो अपुरा होता.

सलग दुसरे वर्ष पाऊस नव्हता. शहर, तेव्हाचे औरंगाबाद, त्याच काळात चहूबाजूंनी वाढत होते. नव्या वसाहतींत घरे उभी राहिली होती, पण नळ आले नव्हते. टँकर पुरत नव्हते. एका मालकाने भंगारात निघालेली जुनी प्रवासी बस घेतली, आतली आसने काढली, खिडक्यांना पत्रे मारले आणि चार काळ्या टाक्या बसवल्या. वेरूळ रस्त्यावरच्या एका विहिरीवर ती भरायची आणि वसाहतींत रिकामी व्हायची. लोक तिला पाण्याची बस म्हणत. शहराच्या त्या बाजूच्या पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो.

वेरूळ रस्त्याचे रुंदीकरण चालू होते. डांबर उखडून टाकले होते आणि वाहने शेजारच्या मुरमाच्या वळणरस्त्याने जात. पुढच्या वाहनाची धूळ मागच्याच्या काचेवर बसे. एका संध्याकाळी दिवस मावळताना भरलेली पाण्याची बस शहराकडे येत होती. तिला मागून प्रवासी जीप धडकली. जीपमध्ये वेरूळहून दर्शन करून परतणारी मंडळी होती. चालकाशेजारी बसलेल्या बाई जागीच गेल्या.

जीपचालकाने फिर्याद दिली. बस मध्येच अचानक थांबली, मागे एकही दिवा नव्हता, धुळीत ती दिसलीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. जीपमधल्या प्रवाशांनीही दिवा पाहिला नसल्याचे सांगितले. बसचालकावर निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूस कारण झाल्याचा, कलम २७९ आणि ३०४-अ प्रमाणे गुन्हा दाखल झाला. शिक्षा झाली असती तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. शिवाय परवाना गेला असता आणि चालवण्याखेरीज दुसरे काम त्याला येत नव्हते.

हा बसचालक पिशोरकडचा, चाळिशी उलटलेला, मितभाषी माणूस. त्याची चौकशी मीच केली.

"गाडी का थांबवलीस?"

"मेंढरं आडवी आली, साहेब."

"कोणाची?"

"ते काय माहीत? लई मोठा कळप होता."

आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते; त्यांनी दुसऱ्या दिवशी तो सगळा परिसर पालथा घातला. कळप मिळाला नाही. ते परत येऊन चालकाला म्हणाले, "मेंढरं उडून गेली का रे? पंख होते त्यांना?"

मी चालकाला विचारले, "मागचे लाइट लागत होते?"

"लागत होते."

"किती?"

"दोन. पासिंगचे दोन."

वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याची सरकारी तपासणी होते, तिला आपल्याकडे सगळे पासिंग म्हणतात. तो शब्द मी ऐकला आणि पुढे गेलो. थांबायला हवे होते.

पंचनामा हवालदारांनी लिहिला होता. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आणि वाक्ये ठरलेली. 'वाहनाचे पाठीमागील दोन्ही ब्रेकलाइट फुटलेले असून ते चालू होते किंवा कसे हे समजून येत नाही.' हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा लिहिले असेल ते तेच जाणोत. दोन पंच आणि मी, आम्ही खाली सह्या केल्या. बस ठाण्याच्या आवारात आणली. जागा कमी असल्याने तिची पाठ भिंतीला लागेल अशी मागे घेऊन उभी केली. त्यानंतर तिच्या मागे कोणी गेले नाही.

दोषारोपपत्र तयार झाले. सोमवारी ते न्यायालयात जाणार होते. त्याआधीच्या शनिवारी एक मेंढपाळ बाई ठाण्यात आली. पन्नाशीची, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दुष्काळामुळे गावाकडे चराई उरली नव्हती, म्हणून ही कुटुंबे शहराच्या कडेला, विकायला पाडलेल्या मोकळ्या प्लॉटवर मेंढ्या चारत. तिथल्या राखणदाराने तिच्या दोन मेंढ्या अडकवून ठेवल्या होत्या. तक्रार सांगता सांगता तिचे लक्ष आवाराकडे गेले.

"ही गाडी इथं कशाला उभी केली, सायेब?"

"का? ओळखता का?"

"वळखू नाय तर काय? आमच्या मेंढरांसाठी थांबली व्हती. तीन दिव्याची."

हवालदार लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, गाडीला मागं दोनच दिवे असतात."

"तुमच्या गाडीला असतील. हिला तीन. दोन खाली, एक वर. चुलीच्या दगडावानी."

मी लेखणी खाली ठेवली आणि तिला बसायला सांगितले. ती जमिनीवरच बसली. त्या संध्याकाळी नवरा कळपाच्या पुढे होता आणि मेंढ्यांना वळणरस्ता पार करून देत होता. ती मागे, मुरमाच्या उंच भरावावर उभी राहून मोजत होती. बस तिच्या खालून पुढे गेली, त्यामुळे तिला बसची पाठ दिसत होती. खालचे दोन दिवे धुळीत दिसत नव्हते. वरचा लाल झालेला दिसला. मग जीप गेली, मग आवाज. माणूस मेल्याचे कळल्यावर नवरा म्हणाला, हे आपल्यावरच येईल. कळप घेऊन ते तसेच पुढे निघून गेले होते.

"दिवा लागल्यावर किती वेळानं आवाज झाला?" मी विचारले.

"येळ काय ठावं? दिवा लागला तवा दोन ईसाला एक कमी झाल्या व्हत्या. आवाज झाला तवा अडीच ईस."

हे लोक विसाच्या हिशोबाने मोजतात. दोन विसांना एक कमी म्हणजे एकोणचाळीस, अडीच वीस म्हणजे पन्नास. दिवा लागल्यापासून धडक होईपर्यंत अकरा मेंढ्या रस्त्यापलीकडे गेल्या होत्या.

हवालदार हसले. "इतक्या दिवसांनी आकडा ध्यानात आहे? धडक झाली त्या गडबडीत मोजत होतीस तू?"

"गडबड झाली म्हणूनच तर मोजायचं. दिवा लाल झाला, मला वाटलं गाडी आता कळपात घुसती. घुसली तर आलीकडं किती अन् पलीकडं किती, ते नको का ठावं?" मग तिने हवालदारांकडे नीट पाहिले. "तुमचं सांगू का? मी आल्यापून तीन बारी पान थुकलं तुमी त्या कोपऱ्यात. चौथ्या बारीला उठलं व्हतं, सायबाकडं बघून बसलं."

हवालदारांनी पुन्हा लिहायला घेतले.

बसची बॅटरी उतरली होती. सहा शिपायांनी ढकलून ती भिंतीपासून पुढे काढली. मी मागे जाऊन वर पाहिले. पूर्वी गावाच्या नावाची पाटी ज्या चौकटीत बसवत, ती चौकट छताखाली तशीच होती. आम्ही सगळ्यांनी ती रिकामी समजली होती. स्टुलावर चढून मी रुमालाने धूळ पुसली. काच लाल होती. आत एक बल्ब होता.

जामिनावर सुटलेल्या चालकाची शनिवारी ठाण्यात हजेरी असे. दुपारी तो आला, बस पुढे आलेली पाहिली आणि फाटकातच थांबला.

"हा दिवा कोणी बसवला?" मी विचारले.

"चूक झाली, साहेब. आत्ता काढून टाकतो."

"काढ म्हटलं का मी?"

"पासिंगमधी नाय तो." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मालकानं सांगून ठेवलं होतं, पासिंगमधी जे नाय ते पोलिसाला बोलायचं नाय. टाक्या नायत, पत्रे नायत, दिवा नाय. मला वाटलं, दिव्याचं अजून एक कलम लागंल."

जो दिवा त्याला वाचवणार होता तोच त्याने आमच्यापासून लपवला होता. पुढे विचारल्यावर बाकीचेही बाहेर आले. पाणी भरलेली गाडी एकदम थांबत नाही. टाक्यांतले पाणी तिला पुढे रेटते. ब्रेक लांबून, हळूहळू दाबावा लागतो. तितक्या आधी मागच्याला कळायला हवे, आणि खालचे दोन दिवे तर धुळीत बुडलेले. म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याने वरच्या चौकटीत दिवा बसवून घेतला होता. मालकाने सांगितले नव्हते, कायद्याने मागितले नव्हते. मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा इतका विचार केलेला चालक मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यालाच मी आरोपी केले होते.

दिवा उस्मानपुऱ्यातल्या एका वायरमनने बसवला होता. साठीचा, जाड चष्म्याचा माणूस. पंचांसमक्ष त्याच्याकडून काच उघडून घेतली. त्याने बल्ब फडक्यात धरून उन्हासमोर केला आणि हळूहळू फिरवून पाहिला.

"चालू था, साब."

"कशावरून?"

"इसका तार देखो. ठंडे बल्ब को झटका लगा तो तार काच के माफिक कट से टूटता. जलता रहा तो नरम रहता. झटके में खिंच जाता, सेवई के जैसा. ये देखो, खिंचेला है."

मी डोळा लावला. केसाएवढी ती तार एका बाजूला ओघळून लांबली होती. धडकेचा तो क्षण काचेच्या आत तसाच राहिला होता आणि इतके दिवस आमच्याच आवारात होता. बल्ब सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवला. काही आठवड्यांनी अभिप्राय आला. वायरमनने जे सांगितले होते तेच त्यात चार पानांत लिहिले होते.

सोमवारी दोषारोपपत्र गेले नाही. वरिष्ठांनी मुदत दिली. मंगळवारी संध्याकाळी मी त्या भरावावर घड्याळ घेऊन उभा राहिलो. बाईच्या नवऱ्याने त्याच जागी कळप पार केला. बाई मोजत होती. तोंडाने पुटपुटणे नाही, बोटे मोजणे नाही, नजर फक्त मेंढ्यांवर. एकोणचाळीसला तिने काठी उचलली, पन्नासला खाली टेकवली. तीन वेळा केले. आठ सेकंद, नऊ सेकंद, पुन्हा नऊ. तिसऱ्या वेळी हवालदारांनी चोरून स्वतः मोजले. त्यांचे अठ्ठेचाळीस भरले.

"दोन सुटल्या तुमच्या," बाई म्हणाली. "ती कानकापी अन् तिच्या पोटाखालचं कोकरू."

परतताना हवालदार पोलिसांच्या जीपमध्ये म्हणाले, "साहेब, असा साक्षीदार कोर्टात उभा करायचा म्हणजे समोरच्या वकिलाची दया येते." चेष्टा करायला लागले की त्यांची खात्री पटलेली असे.

जीपचालकाला बोलावले. आपला वेग ताशी चाळीस होता, हे त्याने स्वतःच जबाबात दिले होते. त्या वेगाने आठ-नऊ सेकंदांत गाडी शंभरेक मीटर येते. तेवढे अंतर वरचा दिवा त्याच्या समोर लाल होता. मी आवाज न चढवता हे त्याच्यापुढे मांडले. बल्बचा फोटो दाखवला. त्याने फोटो हातात घेतला.

"मागचं दार वाजत होतं, साहेब," तो अखेर म्हणाला. "मान वळवून सांगत होतो, दार ओढून घ्या. त्यांना आवळंना. पुन्हा सांगितलं. समोर बघितलं तर सगळं लालच होतं. मग काही आठवत नाही."

"फिर्यादीत दिवा नव्हता असं का सांगितलंस?"

"ते लाल म्हणजे दिवा, हे आत्ता कळतंय. मी दिवा पाहिलाच नव्हता ना."

त्याने रचून सांगितले होते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. त्याने पाहिले नव्हते, म्हणून दिवा नव्हता असे तो म्हणाला. आम्हीही मान वर केली नव्हती आणि दोनच दिवे आहेत असे लिहून मोकळे झालो होतो. फरक एवढाच की आमच्या न पाहण्यावर शिक्का होता. पुढे ज्या ज्या ठाण्यात गेलो तिथे पंचनाम्याची ठरलेली वाक्ये मी बंद केली. आधी वस्तूभोवती पूर्ण फेरी मारायची, वर-खाली पाहायचे, मग कागद काढायचा. साक्षीदाराला शेवटी एक प्रश्न ठेवायचा, मी काय विचारायचं राहिलं? आरोपीला तर तो आधी विचारायचा. गरीब माणूस कायद्याला इतका भिऊन असतो की स्वतःच्या बाजूचा पुरावाही त्याला गुन्हा वाटतो, हे मला पुस्तकातून कळले नसते.

बसमध्ये परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल मालकावर मोटार वाहन कायद्याप्रमाणे वेगळी कारवाई झाली. जीपचालकाविरुद्ध गुन्ह्याचा तपास पुढे गेला. बसचालकाला वगळण्याचा अहवाल मी स्वतः लिहिला आणि पाठवण्याआधी त्याला बोलावून वाचून दाखवला. तो टेबलासमोर उभा राहून ऐकत होता. बसायला सांगितले तरी बसला नाही.

'...छताखालील चौकटीत बसविलेला तिसरा ब्रेकलाइट धडकेच्या वेळी चालू होता,' या वाक्यावर त्याने हात वर केला.

"तेवढं परत वाचा, साहेब."

मी वाचले.

"म्हणजे कागदावर आला तो."

"आला."

"मंग आता तो हाय म्हणायला हरकत नाय," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.