एक पेपर सुटला, तेवढंच लिहा

हवामानशास्त्राचा पेपर सुटला त्या आठवड्यात मी शेवगावहून गावी आले, फाट्यावर उतरले आणि समोर मला मीच दिसले. भल्यामोठ्या फ्लेक्सवर. चेहरा माझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, त्याखाली कुठल्यातरी पुरुषाचा गणवेश, खांद्यावर कॅप्टनच्या पट्ट्या, कोपऱ्यात हेलिकॉप्टर. ‘पायलटपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे फोटो, त्यात माझ्या काकांचा सगळ्यात मोठा.

मी पायलट झाले नव्हते. मेडिकल तपासणी आणि पायलटच्या परवान्याच्या परीक्षेतला एक पेपर पास, एवढीच मजल. विमानाला अजून हातही लावला नव्हता.

हा रस्ता मीच निवडला होता. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी. ती झाल्यावर वडलांबरोबर पुण्यात पायलट घडवणारी एक मोठी संस्था बघायला गेले. तिथं सगळं एकदम. सगळी फी आधी, पहिल्या दिवसापासून गणवेश. मी विचारलं, "मध्येच मेडिकलला नापास झाले तर?" टायवाला माणूस हसला. "पॉझिटिव्ह विचार करा, मॅडम." मला उत्तर मिळालं. आधी मेडिकल, मग एकेक पेपर, मग जमतील तसे उड्डाणाचे तास, हे मी परतीच्या एसटीतच ठरवलं. शेवगावला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागले आणि उरलेल्या वेळात अभ्यास.

गावाला हे पटेना. ॲडमिशन नाही, गणवेश नाही, म्हणजे पोरगी घरीच बसली. काकांची जीप फाट्यावरून पाथर्डीला जाते. दर फेरीला कुणीतरी खवचटपणे विचारायचं, "काय ओ, पुतणीचं इमान कुठं अडकलं?" काका मला म्हणायचे, "त्या पुण्याच्या ठिकानी नाव घाल. लोकांना सांगायला तरी येतंय." मी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी हा फ्लेक्स लावला.

आणि तो राहिला असता तर मला त्याच्यामागं पळावं लागलं असतं. उद्या लोकांनी गणवेश बघायला मागितला असता, परवा घरच्यांनी रस्त्याकडेचं रान विकून मला पुण्याला पाठवलं असतं.

काका फ्लेक्सखालीच जीप लावून उभे होते. "काका, हे उतरवा."

"का गं? फोटो चांगला न्हाई आला?"

"मी पायलट नाहीये."

"व्हशील की! आज लावला काय अन् उद्या लावला काय."

टपरीवरचे चहा सोडून ऐकत होते. मी चपला काढल्या, काकांच्या जीपच्या टपावर चढले आणि दोऱ्या सोडायला लागले.

"ए, पायलट वर गेला रे!"

"बेल्ट लाव गं बाई!"

मी वरूनच ओरडले, "हवामानाचा पेपर सुटलाय. तेवढंच लिहा. तेवढं खरंय."

"एका पेपरचा फ्लेक्स कोन लावतं?" काका चिडले.

"मी लावते."

फ्लेक्स उलटा केला. मागची बाजू पांढरीच असते. टपरीवाल्याकडचा काळा रंग घेतला आणि दोन ओळी काढल्या. मेडिकल, पास. हवामान, पास. खाली भरपूर जागा सोडली आणि त्याच जागी परत बांधला. काका बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वडील एवढंच म्हणाले, "अक्षर जरा मोठं काढायचं हुतं."

आता तिथं पुष्कळ ओळी झाल्यात. नेव्हिगेशनपुढं आधी ‘नापास’ लिहिलंय, शेजारी नंतरचं ‘पास’. लोक म्हणाले, तेवढं नापास पुसून टाक. नाही पुसलं. पेपर संपले, तास सुरू झाले. मी पहिल्यांदा एकटीनं विमान उडवलं, ती ओळ काकांनी स्वतः रंगवली, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

परवा त्यांच्या जीपमध्ये पुढं बसले होते. मागून कुणी पाहुण्यानं विचारलं, "मग, झाली का पुतणी पायलट?"

काकांनी हात बाहेर काढून फाट्याकडं दाखवला. "अजून न्हाई. लिव्हलंय की तिथं, वाचा."