तारीख उलटलेला शब्द

१२ जानेवारी. बेल्ह्याच्या माझ्या मेडिकलात तारीख उलटलेल्या गोळ्या वेगळ्या काढत होते. खोकं अर्धं भरलं तेवढ्यात बोरीहून धाकट्या भावाचा फोन आला.

आई जाऊन आठवडा झाला होता. तिच्या दहाव्याची खबर तो गावच्या पारावरल्या फळ्यावर लिहून आला होता. मोठ्या हौसेने त्याने वाचून दाखवली : ‘आमच्या मातोश्री एक्सपायर झाल्या असून...’

हातातली पाकिटं मी खाली ठेवली. “पूस ते.”

“का गं ताई? दवाखान्यात तेच म्हणले व्हते.”

“वारल्या लिही.”

“लई गावंढळ वाटतं. पुण्याचे पावणे येणार हायेत.”

“मग पावणे काय आईची तारीख बघून येणार?”

तो हसला. मला हसू आलं नाही. आईला दमा होता. दर महिन्याला ती दुकानात यायची, गोळ्यांचं पाकीट डोळ्यांपाशी धरायची आणि विचारायची, “हिची डेट गेली न्हाई ना?” डेट गेलेल्याचं काय होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. खोक्यात भरायचं आणि कंपनीला परत धाडायचं.

शेजारचे टेलरचाचा काउंटरवर टेकून सगळं ऐकत होते. म्हणाले, “आमच्यात इंतकाल म्हणतात, भाभी. म्हणजे इथून तिथं जाणं.” त्यांना त्यांच्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता. आम्ही आमचा सोडून दुसऱ्याचा घेतला, तोही न विचारता.

रात्री डिक्शनरीत ‘एक्सपायर’ शोधला. माणूस मरणं, हा त्या क्रियापदाचा खरोखरच एक अर्थ निघाला, आणि तोही भारदस्त इंग्रजीतला. मूळ लॅटिन : श्वास बाहेर सोडणं. मुदत संपणं, हा अर्थ मागाहून चिकटलेला. म्हणजे शब्दाचा काही गुन्हा नव्हता. जिने दम लागत असतानाही जन्मभर फुंकणीने चूल फुंकली, तिने शेवटचा श्वास सोडला, असं कुणी लिहिलं असतं तर मी गप्प बसले असते. पण फळा वाचणाऱ्यांना लॅटिन येत नाही. त्यांनी हा शब्द वाचलाय तो गोळ्यांच्या पाकिटावर आणि दुधाच्या पिशवीवर.

मग भावाला फोन लावला, तर त्याने फळा पुसला नव्हता. “बघू उद्या,” म्हणाला.

सकाळी दुकान उघडायच्या आधी स्कूटी काढली आणि बोरी गाठली. ओल्या फडक्याने फळा पुसला, वाळू दिला. मग लिहिलं : ‘आमची आई वारली.’ त्याखाली दहाव्याची वेळ लिहिली आणि तोवर पाराशी येऊन उभ्या राहिलेल्या भावाच्या खिशात खडू टाकून दुकानावर परत आले.