मरगाईचे कोंबडे

तुळसाआक्काने भांडताना आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. राग आला की ती गप्प व्हायची आणि मागावर जाऊन बसायची. मग धोटा असा धावायचा की समोरच्या घरात मला, नव्या सुनेला, घास गिळवत नसे. सासूबाई म्हणायच्या, "आज कुणाचं तरी काय खरं न्हाय गं."

शहापुरातली आमची गल्ली विणकरांची. आक्का विधवा. एक माग, एक मुलगी अंबू आणि परसातल्या कोंबड्या, एवढाच तिचा संसार. कोंबडा मात्र एकच, तांबडा, आणि तो साऱ्या गल्लीचा. कारण पांजणी. सुताचा ताणा रस्त्यात लांबच्या लांब ताणायचा, त्याला खळ लावायची, कुंच्याने विंचरायचं आणि उन्हं तापायच्या आत गुंडाळून घ्यायचं, या कामाला सगळी गल्ली लागते. घड्याळ कुणाकडे नव्हतं. तांबडा आरवला की माणसं उठायची.

मग आक्काच्या भिंतीपलीकडे एक पेन्शनीतले फौजदार राहायला आले. जन्मभर चोरांच्या मागे जागलो, आता तरी सुखाने झोपू द्या, असं त्यांचं म्हणणं. "कोंबड्याचं तोंड बंद कर, न्हाईतर मी करतो," असा त्यांनी दम भरला.

आक्काने शेजारधर्म पाळला. मान ताठ केल्याशिवाय कोंबड्याला आरवता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. रात्री ती त्याला बुटक्या डालग्याखाली झाकायची, वर दगड ठेवायची आणि उन्हं आल्यावर सोडायची. फक्त पांजणीच्या आदल्या रात्री तो मोकळा राहील, असं ठरलं. गल्लीच्या टोकाला मरगाईचं देऊळ आहे, तिथे उभं राहून फौजदारांनी ते कबूल केलं.

त्याच वर्षी अंबूचं लग्न ठरलं. जगाच्या नवऱ्या मुलींना नेसवून आक्काचं आयुष्य गेलेलं, आता लेकीचं लुगडं ती स्वतः विणणार होती. सूत तिने एकेक करून निवडलं होतं. पांजणीच्या आदल्या संध्याकाळी फौजदारांच्या चुलीवरून झणझणीत रश्श्याचा वास आला. पाहुणे आले असतील, असं आम्हाला वाटलं.

सकाळी गल्लीला जाग आली तेव्हा कौलांवर ऊन होतं. शिजवलेली खळ आंबून जाईल म्हणून पुरुषांनी घाईघाईने ताणा ताणला, पण कुंचा फिरायच्या आत खळ वाळत होती. दोरे एकमेकांना चिकटले आणि विंचरताना तुटत गेले. सगळा ताणा वाया गेला. तांबडी पिसं फौजदारांच्या उकिरड्यात सापडली. अंबू विकतच्या लुगड्यात बोहल्यावर चढली. अक्षता पडत होत्या आणि आक्का लेकीच्या तोंडाकडे न बघता त्या परक्या काठाकडे बघत होती. मला त्या माणसाचा इतका संताप आला की आजही तो पुरता गेलेला नाही.

आक्का गप्पच राहिली. तिने खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली. पिल्लं मोठी झाली, त्यातला एकही कोंबडा तिने विकला नाही. ते आरवायला लागले तसे गल्लीला घेऊन ती मरगाईपुढे गेली. प्रत्येकाला हळदकुंकू लावून म्हणाली, "आजपासनं हे देवीच्या नवसाचं. ह्यास्नी कोंडायचं न्हाय, मारायचं न्हाय. जातील तिथं जाऊ द्यात."

आणि ते जायचे फौजदारांच्याच अंगणात. त्याचं कारण खुद्द त्यांची बायको. ती एकदा आक्काकडे रडत आली होती. "आक्का, तांबडा मीच रांधला. देवी मला सोडायची न्हाय."

"मग देवीच्या ह्या लेकरांस्नी खायला घाल जा," आक्का म्हणाली.

बाई रोज पहाटे ज्वारी टाकायला लागली. ज्वारी टिपून झाली की कोंबडे फौजदारांच्या खिडकीखालच्या कट्ट्यावर चढायचे आणि एकामागून एक माना ताठ करायचे. नवऱ्याने काठी उचलली की बाई आडवी यायची. जत्रा जवळ आली तसे फौजदार स्वतः आक्काच्या दारात आले. डोळे तारवटलेले. "आक्का, यंदा जत्रंत कोंबडं कापून नवस फेडून टाक की."

"देवीला घाई न्हाय आप्पा," धोटा न थांबवता आक्का म्हणाली. "तुमास्नी हाय व्हय?"

मी दाराआड पोट धरून हसले. त्याची मला जराही लाज वाटत नाही.

अखेर फौजदारांनी घर सोडलं. निपाणीला लेकाची तंबाखूची वखार होती, तिकडे निघाले. निघताना बाईने पदर पसरला. "देवीचा एक संगट द्या आक्का." आक्काने मोठ्या आवाजाचा निवडून दिला. "डालग्यात घालू नगंस. देवीचा हाय." बाई तो मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीत बसली. मोटार सुरू व्हायच्या आतच तो फौजदारांच्या कानाशी आरवला. आख्खी मोटार हसली.

परतताना मी विचारलं, "आता तरी राग निवला का?"

"अंबूचं लगीन परत लागतंय व्हय?" आक्का म्हणाली.

काही वर्षांनी आक्का अंथरुणाला खिळली. फौजदारांची बायको मुद्दाम निपाणीहून भेटायला आली. आक्काला बोलवत नव्हतं, तरी तिने विचारलं, "आरवतोय?"

"व्हय आक्का. त्यांच्या उशाकडच्या खिडकीतच बसतोय."

"आणि ते?"

"जागंच असत्यात."

"बरं," म्हणून आक्काने कूस बदलली. दुसऱ्या दिवशी पांजणी होती. पहाटे कोंबडे आरवले, सगळी गल्ली वेळेवर उठली. आक्का तेवढी उठली नाही.